रिकाम्या हाताची विद्या

वार्षिक परीक्षा संपून मुलांना सुटी लागली कीं सकाळच्या वर्तमानपत्राच्या घडींतून रंगीत हस्तपत्रकें खालीं गळूं लागतात. पोहणें, चित्रकला व गणित यांच्या बरोबरीनें त्यांत अलीकडे कराटेचें पत्रक हटकून असतें. पाय डोक्याच्या वर नेलेली एक मुलगी, तिच्या कमरेला काळा पट्टा, आणि खालीं ठळक अक्षरांत दहा दिवसांत स्वसंरक्षण शिकविण्याचें अभिवचन! मग चहाच्या वेळीं घरांत दोन तट पडतात. आजोबा म्हणतात, मुलीच्या जातीला ही मारामारी कशाला? आई म्हणते, दिवस वाईट आले आहेत, शिकूं द्या. वडील शुल्काचा आंकडा पाहून दोघांच्या मध्यें गप्प बसतात. या वादांत दोन्ही पक्षांनीं एक गोष्ट गृहीत धरलेली असते; ती ही कीं कराटे म्हणजे मारामारीचें शिक्षण. ती विद्या मुळांत काय होती, आज तिचें काय झालें आहे आणि संकटाच्या क्षणीं तिचा उपयोग कितपत, हें पाहिल्यावांचून होकार देणें जितकें घाईचें तितकेंच नकार देणेंही घाईचें. म्हणून या महिन्यांत आम्हीं हाच विषय घेतला आहे.

जपानच्या मुख्य बेटांच्या नैर्ऋत्येस, तैवानच्या दिशेनें, बेटांची एक लांब माळ पसरलेली आहे. तींतील सर्वांत मोठें बेट ओकिनावा. येथें पूर्वीं रयुक्यू नांवाचें राज्य होतें व चीनच्या दरबाराशीं त्याचा शतकानुशतकें नजराण्याचा आणि व्यापाराचा संबंध होता. इ. स. १६०९ मध्यें दक्षिण जपानांतील सात्सुमाच्या सरदारानें स्वारी करून या राज्याला आपलें मांडलिक केलें, आणि १८७९ मध्यें जपानी सरकारनें तेथील राजाला पदच्युत करून ओकिनावा हा आपला एक प्रांत बनविला. हातानें लढण्याची जी विद्या या बेटावर होती तिला लोक नुसतें 'ते' म्हणत. 'ते' म्हणजे हात. चिनी मुष्टियुद्धाची तींत भर पडत गेली, तेव्हां 'तोदे', म्हणजे चिनी हात, हें नांव रूढ झालें. शुरी ही राजधानी, नाहा हें बंदर आणि तोमारी हें जवळचेंच गांव. तिन्ही ठिकाणच्या परंपरा थोड्याथोड्या निराळ्या होत्या.

शस्त्रें हिरावून घेतलेल्या गरीब शेतकऱ्यांनीं चिलखती सामुराईंना नुसत्या मुठीनें लोळविण्यासाठीं ही विद्या काढली, अशी एक आख्यायिका चित्रपटांतून व पत्रकांतून सांगतात. गोष्ट रम्य आहे. परंतु ज्या जुन्या गुरूंचीं नांवें आज ठाऊक आहेत ते बहुतेक राजदरबाराशीं संबंध असलेल्या वर्गांतले होते. मात्सुमुरा सोकोन हा राजाचा अंगरक्षक होता. इतोसू आन्को दरबारांत लेखनिक होता. चिलखत फोडण्याचा प्रश्न त्यांच्यापुढें नव्हता. या इतोसूनें १९०८ मध्यें आपल्या विद्येविषयीं दहा कलमांचें एक पत्र लिहिलें आहे. त्याचा पहिलाच रोख असा कीं, ही विद्या एकाएकाशीं सामना खेळण्यासाठीं नसून, वाटेंत अवचित गांठ पडलेल्या एखाद्या गुंडाच्या हातून आपणांस इजा होऊं नये यासाठीं आहे. म्हणजे ज्याला आज आपण स्वसंरक्षण म्हणतों तेंच तिचें मूळचें प्रयोजन. स्पर्धा, पदकें आणि पट्टे हीं सर्व मागाहून आलीं.

शिकविण्याची जुनी रीत आपल्याकडील तालमीच्या माणसाला परकी वाटणार नाहीं. शिष्य अगदीं थोडे. वर्ग म्हणजे गुरूच्या घरचें अंगण. वेळ बहुधा रात्रीची. विद्येचा गाभा 'काता' हा होता. काता म्हणजे ठराविक क्रमानें बांधलेली पवित्र्यांची, प्रहारांची व सुटकेची मालिका; ती एकट्यानें करावयाची असते. एका मालिकेला तीन वर्षें असा जुना हिशेब होता. फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) हा व्यवसायानें शाळामास्तर. दिवसा मुलांना शिकवून रात्रीं तो आपल्या गुरूच्या अंगणांत जाई, आणि तेथें एकच मालिका महिनेच्या महिने घोटून घेतली जाई. तेक्की नांवाच्या तीन मालिकांना आपणांस दहा वर्षें लागलीं असें त्यानेंच लिहून ठेवलें आहे. दहा दिवसांच्या पत्रकाशेजारीं हा आंकडा ठेवून पाहावा.

नाहाकडील परंपरा अंग कसण्यावर अधिक भर देई. हिगाओन्ना कानर्‍यो (१८५३–१९१५) हा चीनमधील फूचौ येथें जाऊन शिकून आला होता. त्याचा शिष्य मियागी चोजुन (१८८८–१९५३) यानें पुढें गोजू-रयू हा पंथ स्थापिला. त्यांच्याकडे पहिला धडा 'सांचिन' या मालिकेचा. पाहणाराला तींत कांहींच घडत नाहींसें वाटतें. शिकणारा सावकाश पाऊल टाकतो, पायाच्या बोटांनीं भूमि घट्ट धरतो, पोट व मांड्या आवळतो आणि श्वास खोल घेऊन आवाज करीत सोडतो. गुरु त्याच्या भोंवतीं फिरून खांद्यांवर, पाठीवर, मांड्यांवर चापट्या मारून पाहतो. कोठें ढिलाई आहे तें हाताला कळतें. साधनेंही साधीं होतीं. जाड कांठाची मातीची बरणी नुसत्या पांच बोटांच्या चिमटींत धरून चालावयाचें व दिवसेंदिवस तींत वाळू वाढवीत न्यावयाची. लांकडी दांड्याच्या एका टोंकाला दगड बसवून तो मनगटाच्या जोरावर फिरवावयाचा. आपल्या मुद्गलाचाच हा ठेंगणा भाऊ. आणि अंगणांत पुरलेला, गवताची दोरी गुंडाळलेला खांब, 'माकिवारा', यावर रोज मूठ मारावयाची. लोकांना वाटतें कीं मूठ दगडासारखी व्हावी म्हणून हा खटाटोप. खरा हेतु निराळा आहे. हवेंत मारलेल्या मुठीला आपली चूक कधींच कळत नाहीं. खांबावर मारली कीं मनगट वांकडें असेल, पाऊल सैल असेल, तर खांबच तें सांगतो.

आतां ही विद्या अंगणांतून मैदानावर कशी आली तें पाहूं. इतोसूच्या पुढाकारानें १९०१ पासून ती शुरीच्या प्राथमिक शाळेंत व कांहीं वर्षांनीं माध्यमिक शाळांत शिकविली जाऊं लागली. एकेका शिष्याच्या जागीं आतां पन्नास पन्नास मुलांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यानें मुलांसाठीं सोप्या पांच मालिका सिद्ध केल्या, त्यांना 'पिनान' म्हणतात. मुलें सुदृढ झालीं, शिस्त आली, विद्या नामशेष होण्यापासून वांचली. हें श्रेय मोठें आहे. पण त्याची किंमतही पडली. गळा, डोळे, सांधे यांवरील धोक्याचे डाव लहान मुलांना सांगण्याजोगे नव्हते. तेव्हां हालचाल राहिली आणि तिचा अर्थ मागें पडला. अर्थ न सांगतां पाठ करून घेतलेल्या मंत्राची जी स्थिति होते तीच या मालिकांची झाली.

फुनाकोशीनें १९२२ मध्यें टोकियोंत आपल्या विद्येचें प्रात्यक्षिक दाखविलें आणि मग तो तेथेंच राहिला. ज्युदोचे प्रवर्तक कानो जिगोरो यांनीं त्याला आश्रय दिला. पांढरा पोशाख व पट्ट्यांची पद्धत हीं दोन्ही ज्युदोकडूनच आलीं; फुनाकोशीनें पहिले काळे पट्टे १९२४ मध्यें दिले. ज्या पट्ट्याला आज प्राचीनतेचें तेज चढवितात त्याचें वय हें एवढेंच! नांवांतही पालट झाला. 'करा' या उच्चाराचीं चिनी लिपींत दोन अक्षरें आहेत. एकाचा अर्थ चीन, दुसऱ्याचा रिकामा. चिनी हाताचा रिकामा हात झाला, आणि २५ ऑक्टोबर १९३६ रोजीं नाहा येथें जमलेल्या ओकिनावाच्या गुरूंनीं या नव्या अक्षराला मान्यता दिली. चीनशीं वैर वाढत चाललेल्या त्या काळांत जपानांत चिनी नांव नकोसें झालें होतें, हेंही त्यामागचें एक कारण.

याच सुमारास मोतोबू चोकी (१८७०–१९४४) नांवाचा दुसरा एक ओकिनावी माणूस मुख्य जपानांत आला होता. हा राजघराण्याच्या शाखेंतला, परंतु तारुण्यांत रस्त्यावरच्या झुंजी करून शिकलेला. पन्नाशी उलटल्यावर क्योटोंत यानें एका परदेशी मुष्टियोद्ध्याला आव्हानाच्या कुस्तींत आडवें केलें. १९२५ मध्यें 'किंगू' या खपाच्या मासिकानें ती हकीकत सचित्र छापली. गंमत अशी कीं चित्रांत चेहरा मात्र फुनाकोशीचा काढला होता. दोघांचें सख्य आधींच बेताचें. त्यांत ही भर. पण या दोघांच्या विरोधांत कराटेचा सारा प्रश्न सामावलेला आहे. एकाच्या दृष्टीनें ही चारित्र्य घडविण्याची साधना. दुसऱ्याच्या दृष्टीनें अंगाशीं आलेल्या माणसाला झटकून टाकण्याची युक्ति. मोतोबूचें सारें लक्ष नाइहांची या एकाच मालिकेवर असे, आणि ती मालिका म्हणजेच फुनाकोशीनें जिला तेक्की म्हटलें ती. ग्रंथ एक, भाष्यकार दोन.

आजच्या वर्गांत जें दिसतें त्यांतील पुष्कळ भाग तिसऱ्याच जातीचा आहे. तो खेळ आहे. टोकियोचें ऑलिंपिक २०२१ मध्यें भरलें तेव्हां कराटेचा त्यांत समावेश होता, आणि पुरुषांच्या काता-स्पर्धेंत ओकिनावाच्याच कियुना र्‍यो यानें सुवर्णपदक मिळविलें. २०२४ च्या पॅरिस येथील क्रीडांत तो नव्हता. खेळाविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. त्यानें दम वाढतो, पाय चपळ होतात, सभाधीटपणा येतो. मात्र खेळांत प्रतिस्पर्धी तीन पावलांवर उभा असतो, नमस्कार करून सुरवात करतो, वजनानें व वयानें आपल्या जोडीचा असतो, आणि प्रहार लागण्यापूर्वींच आवरला तर गुण मिळतो. रस्त्यावरचा किंवा जिन्यांतला हल्लेखोर यांपैकीं एकही नियम पाळीत नाहीं. तो आधीं बोलतो, मग जवळ येतो, मग धरतो: मनगट, दंड, वेणी, ओढणी. धरलेल्या माणसाला डोक्याएवढी उंच लाथ मारतां येत नाहीं.

येथें जुन्या मालिका उपयोगी पडतात, पण त्यांचा अर्थ शिकविला तर. एकच उदाहरण देतों. कराटेच्या प्रत्येक ठोशाबरोबर दुसरी मूठ वेगानें कमरेशीं मागें येते. पाहणाराला प्रश्न पडतो कीं, तोंड उघडें टाकून ही मूठ कमरेशीं कशाला? ती रिकामी मूठ नव्हेच. तींत प्रतिपक्ष्याचें मनगट किंवा बाही धरलेली आहे असें समजून पाहावें, म्हणजे उलगडा होतो: एका हातानें त्याला खेंचून त्याचा तोल घालवावयाचा आणि दुसऱ्यानें मारावयाचें. हा अर्थ उकलून सांगण्याला 'बुंकाई' म्हणतात. ज्या वर्गांत बुंकाई नाहीं तेथें मुलगी एक कवाईत शिकते. सुरेख कवाईत, पण कवाईतच.

दुसरी गोष्ट भीतीची. घाबरलेल्या माणसाचें काळीज धडधडूं लागतें, दृष्टि समोरच्या एका वस्तूवर खिळते, बोटांचीं नाजूक कामें होत नाहींशीं होतात. कुलपाला किल्ली लागत नाहीं, तेथें चौदा हालचालींचा डाव कसा आठवणार? त्या वेळीं उपयोगी पडतें तें ठळक व थोडें: तळहाताच्या बुंध्यानें नाकावर किंवा हनुवटीवर, कोपरानें मागें, गुडघ्यानें वर, मोठ्यानें ओरडणें, आणि वाट मिळतांच पळणें. चाकू समोर धरून पैशाची थैली मागितली तर ती देऊन टाकावी. थैलीसाठीं चाकूवर हात घालावयास शिकविणारा गुरु शिष्येचा शत्रु समजावा. पळण्याला आमच्या काव्यांत फारशी प्रतिष्ठा नाहीं, परंतु या विषयांत तोच विजय होय.

ओरडण्याविषयीं थोडें विस्तारानें सांगणें भाग आहे. कराटेंत प्रहाराच्या क्षणीं पोटांतून एक आरोळी काढतात, तिला 'कियाई' म्हणतात. श्वास सुटतो, पोट आवळलें जातें, समोरचा क्षणभर दचकतो. नव्या मुलींना सर्वांत अवघड जाणारा धडा हाच. मूठ त्या आठवड्यांत वळतात. आवाज महिना महिना निघत नाहीं. हळू बोल, हसूं नको, चारचौघांत उलट उत्तर देऊं नको, असें जिला बारा वर्षें घरींच शिकविलें, तिच्या कंठांतून ती आरोळी एका उन्हाळ्यांत कशी निघावी?

आणि प्रश्न केवळ रस्त्यावरच्या परक्या माणसाचा असता तरी बरें होतें. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षें हेंच दिसतें कीं, बलात्काराच्या नोंदलेल्या दहांतील नऊंहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो: नातलग, शेजारी, घरीं येणारा-जाणारा, मित्र म्हणविणारा. अनोळखी गुंडाला मारावयाची लाथ येथें कामाची नाहीं, कारण हात उचलण्यापूर्वीं मुलीच्या मनांत 'काका काय म्हणतील' हा अडसर येतो. कॅनडांतील तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर केलेला एक प्रयोग २०१५ मध्यें 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्यें प्रसिद्ध झाला आहे. निम्म्या मुलींना माहितीचीं पुस्तिकापत्रकें दिलीं. निम्म्यांना बारा तासांचें शिक्षण दिलें. पुढील एका वर्षांत पहिल्या गटांत बलात्काराचें प्रमाण शेंकडा ९.८ होतें, दुसऱ्यांत ५.२. जवळजवळ निम्में! त्या बारा तासांत हातापायांचे डाव हा केवळ एक भाग होता. ओळखीच्या माणसाच्या वागण्यांतील धोका वेळींच ओळखणें आणि विरोध करतांना आपल्याच मनांत उठणारा संकोच बाजूला सारणें, यांवर बाकीचा पुष्कळ वेळ खर्चिला होता.

म्हणून वर्गाचें शुल्क भरण्यापूर्वीं घरांतील वडील मंडळींनीं एक गोष्ट स्वतःपुरती ठरवावी. पाहुण्यांच्या मांडीवर बसावयास मूल नको म्हणालें तर त्याला बळेंच बसवावयाचें नाहीं. एखाद्या आप्ताविषयीं मुलगी कांहीं सांगूं लागली तर 'तुझाच गैरसमज झाला असेल' हें वाक्य तोंडांतून काढावयाचें नाहीं. आधीं सारें ऐकून घ्यावयाचें. मोठ्या कुटुंबांत हें सोपें नाहीं हें आम्ही जाणतों. दिराचें नांव निघालें कीं जाऊबाई रुसतात, चुलत्याचें निघालें कीं आजोबांचा रक्तदाब वाढतो. परंतु नात्यांची ही सारी बूज राखण्याचा भार दहा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर ठेवणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

मुलगी कोणाला इजा करून बसली तर पोलिसांचें लचांड मागें लागेल, ही भीति कित्येक वडिलांना असते. कायदा इतका आंधळा नाहीं. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क सांगितला आहे. १८६० च्या जुन्या दंडसंहितेंत तो ९६ ते १०६ या कलमांत होता. संरक्षणास जरूर तेवढीच इजा करावी, व सरकारी मदत घेण्यास अवधि असेल तर हा हक्क नाहीं, या दोन मर्यादा आहेत. मात्र पहिला तडाखा खाईपर्यंत थांबण्याचें बंधन नाहीं. धोक्याची वाजवी भीति उत्पन्न होतांच हक्क सुरू होतो. मृत्यूची, जबर दुखापतीची, बलात्काराची, पळवून नेलें जाण्याची किंवा ॲसिडची तशी भीति असेल तर हल्लेखोराचा प्राण गेला तरी तो गुन्हा होत नाहीं. कराटेंत पहिला वार आपला नसतो, हा फुनाकोशीचा आग्रह प्रसिद्ध आहे. त्याचा आशय भांडण आपण उकरूं नये हा आहे, मार खात उभें राहावें असा नव्हे. कायद्याचा व त्याचा येथें चांगला मेळ बसतो.

वर्ग निवडतांना पालकांनीं स्वतः जाऊन एक तास बसावें. बसूं देत नसतील तर तेथूनच परतावें. मनगट धरल्यास काय, मागून वेणी ओढल्यास काय, असें विचारावें व उत्तर करून दाखवावयास सांगावें. शिष्याच्या अंगाला हात लावण्यापूर्वीं गुरु त्याला विचारतो कीं नाहीं, हें पाहावें. दर तीन महिन्यांनीं परीक्षा, नवा पट्टा व नवें शुल्क असा क्रम असेल आणि वर्षादीडवर्षांत काळा पट्टा देऊं असें सांगत असतील, तर तें दुकान समजावें. लहान मुलांचीं हाडें कोंवळीं असतात. त्यांना खांबावर मुठी आपटावयास लावूं नये. सासू-सुनांनीं मिळून जावयासही हरकत नाहीं. रवींद्रनाथांनीं १९२९ मध्यें ताकागाकी शिंझो या जपानी शिक्षकाला शांतिनिकेतनांत बोलावून ज्युदोचा वर्ग काढला तेव्हां त्यांत मुलींचाही समावेश होता. म्हणजे आपल्या देशांत ही कांहीं कालची नवी टूम नाहीं.

राहिला वेळेचा प्रश्न. असे वर्ग बहुधा आठवड्यांतून तीन संध्याकाळीं, सहा ते साडेसात असतात; नेमकी भाजी चिरण्याची, कणीक भिजविण्याची व धाकट्यांचा अभ्यास घेण्याची वेळ. तिच्या वाटणीचें काम त्या दिवशीं कोणीं करावें, यावरून पुष्कळ घरीं महिन्याभरांत वर्ग सुटतो. आमची सूचना अशी कीं, तें तिच्या भावानें करावें. कणीक भिजविण्यानेंही मनगटें चांगलीं तयार होतात.